सोलापुरातल्या घराची दुरुस्ती पाण्यापासून सुरू करा

जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: तळमजला आणि वर एक मजला असं जुनं घर त्यांनी नुकतंच घेतलं. मोटर चालू होते पण पाणी चढत नाही, चढलंच तर मध्येच थांबतं. वरच्या बाथरूमच्या नळांना धार नाही. गिझर खडखड करतो आणि पाणी तापायला फार वेळ घेतो. कमोडच्या टाकीतून पाणी झिरपत राहतं. कूलरला कुबट वास येतो, गारवा कमी. हौदाला लागून असलेल्या भिंतीचे पोपडे पडताहेत आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेलाय. आधी बोलवायचं कुणाला, प्लंबरला, इलेक्ट्रिशियनला की गवंड्याला? आणि घरच्या घरी काय करता येईल?

ताई, इतक्या तक्रारी एकदम बघून घर चुकीचं घेतलं असं वाटलं असेल, तर तसं नाही. सोलापुरात मी वर्षानुवर्षं हीच कामं करतोय आणि तुमची यादी इथल्या निम्म्याहून जास्त घरांची यादी आहे. आपल्याकडे पाणी रोज येत नाही. उजनी धरणातून शंभर किलोमीटरहून लांबचा प्रवास करून येतं आणि काही दिवसांच्या अंतराने सुटतं, म्हणून प्रत्येक घरात हौद, मोटर आणि वरची टाकी आलीच. नळाचं पुरत नाही म्हणून बोअरचं पाणी त्यात मिसळतं, आणि काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे क्षारांनी भरलेलं. वर उन्हाळा चाळिशीच्या पार. साठवलेलं, जड, तापलेलं पाणी ज्या वाटेने घरात फिरतं, त्या वाटेवरच तुमच्या सगळ्या तक्रारी बसल्यात. म्हणून दुरुस्तीही त्याच वाटेने करा, हौदापासून नळापर्यंत. गवंड्याला सगळ्यात शेवटी बोलवा. पाणी मुरायचं थांबलं नसताना केलेला गिलावा पुढच्या वर्षी पुन्हा पडतो.

सुरुवात मोटरपासून, कारण त्यात नुकसान लवकर होतं.

आधी आवाज ऐका. बटण दाबल्यावर नुसता घुंऽऽ असा आवाज येतो आणि मोटर फिरत नाही, तर लगेच बंद करा. तशीच चालू ठेवली तर वाइंडिंग जळतं आणि थोडक्यातलं काम महागात जातं. अशा वेळी एकतर मोटरला फिरायचा जोर देणारा कंडेन्सर गेलेला असतो, नाहीतर बरेच दिवस न वापरल्याने आतला पंखा क्षाराने आणि गंजाने जाम झालेला असतो. मेन बंद करून मोटरच्या मागचं जाळीचं झाकण काढा आणि मागचा पंखा हाताने फिरवून बघा. सहज फिरला तर कंडेन्सरचा संशय घ्यायचा. कंडेन्सर बदलणं मात्र इलेक्ट्रिशियनवर सोडा, कारण लाईट बंद केल्यावरही त्यात करंट साठलेला राहतो. जुन्यावर जितके मायक्रोफॅरड लिहिलेत तितक्याचाच नवा बसवायला सांगा.

तुमच्याकडे मोटर फिरते आणि पाणी येत नाही, म्हणजे बहुधा तिने हवा धरलीय. हौदातून पाणी खेचणारी मोटर पाणी ओढायला लागण्याआधी तिच्यात आणि खालच्या पाइपमध्ये पाणी भरलेलं असावं लागतं. ते पाणी खाली पळून जाऊ नये म्हणून पाइपच्या तळाला फूट व्हॉल्व्ह असतो. त्याच्या जाळीत केस, गाळ, प्लॅस्टिकचा तुकडा अडकला किंवा आतलं रबर झिजलं की पाणी हौदात परत जातं आणि मोटर रिकामी होते.

हे घरच्या घरी तपासता येतं. मोटरवरचा पाणी भरायचा बोल्ट काढा, काठोकाठ पाणी भरा आणि मोटर चालू न करता पंधरा मिनिटं थांबा. पाणी खाली गेलं आणि बाहेरून पाइप कोरडा असेल, तर दोष फूट व्हॉल्व्हचा. पाणी गेलं आणि एखाद्या जोडावर ओल दिसली, तर तो जोड हवा खेचतोय; तिथे नुसतं एमसील थापू नका, जोड उघडून टेफ्लॉन टेप गुंडाळून किंवा सोल्युशन लावून नव्याने करून घ्या. पाणी जागचं हललं नाही तरीही मोटर पाणी उचलत नसेल, तर आतला पंखा कचऱ्याने भरलाय किंवा सील गेलंय. मोटर उघडावीच लागेल. सुरुवातीला चांगलं चढून मध्येच थांबतं, त्यात बऱ्याचदा हौदातली पातळी जाळीच्या खाली गेलेली असते. जाळी तळापासून अर्धा फूट वर असावी, तळाला टेकली तर गाळ ओढते.

मोटर चालू करून एक-दोन मिनिटांत पाणी आलं नाही तर बंद करा, पुन्हा भरा. पाण्याशिवाय फिरलेल्या मोटरचं मेकॅनिकल सील तापून खराब होतं आणि मग शाफ्टपाशी टिपटिप सुरू होते. घरात म्हातारी माणसं असतील, लक्ष राहत नसेल, तर पातळीप्रमाणे आपोआप बंद होणारा कंट्रोलर बसवा. तो खर्च मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सुचवतो.

विषय निघालाच आहे तर एक सांगू द्या. पाणी सुटलं की थेट नळाच्या लाईनला मोटर लावायची सवय आपल्या कितीतरी गल्ल्यांत आहे. ते नियमात बसत नाहीच, पण त्याहून वाईट म्हणजे मोटर लाईनमधलं पाणी ओढते तेव्हा लाईनमध्ये पोकळी तयार होते आणि जिथे पाइपला चीर असेल तिथून बाहेरचं, कधी शेजारच्या गटारीचं पाणी आत खेचलं जातं. ते तुमच्याच हौदात येतं, आणि ज्याच्याकडे मोटर नाही त्या शेवटच्या घरातल्या लेकरांच्या पोटात जातं. नळाचं पाणी आपल्या दाबाने हौदात पडू द्या आणि मोटर फक्त हौदातून वर चढवायला वापरा.

हौद साफ करायला कुणी उतरणार असेल तर मोटरचा प्लग आधी काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही. बराच काळ बंद असलेल्या खोल हौदात हवा खराब असू शकते, म्हणून झाकण उघडून बराच वेळ ठेवा, आणि वर एक माणूस उभा असल्याशिवाय कुणालाही आत पाठवू नका. झाकण घट्ट बसतं का तेही बघा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. बॅरल आणि पिंपं आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून घ्यायची, ती त्यासाठीच.

आता वरच्या बाथरूमचे नळ. आधी नक्की करा की धार पहिल्यापासून कमी होती की हळूहळू कमी झाली. टाकी आणि नळ यांच्या उंचीत दहा मीटरचा फरक असेल तेव्हा कुठे चौरस सेंटिमीटरला एक किलोचा दाब मिळतो. वरच्या मजल्यावर तो फरक जेमतेम दीड-दोन मीटरचा असतो, तिथे शॉवरला जोर येणारच नाही. त्यावर उपाय टाकी उंच स्टँडवर चढवणं किंवा छोटा प्रेशर पंप. पण आधी धार चांगली होती आणि आता गेली, तर कारण क्षार.

नळाच्या तोंडाशी फिरवून निघणारी बारीक जाळी असते. ती काढा, आतले पांढरे खडे झटका आणि जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा कोमट पाण्यात विरघळवलेल्या लिंबूसत्त्वात टाका. जाळी निघतच नसेल तर जुना टॉवेल व्हिनेगरमध्ये भिजवून नळाच्या तोंडाला तासभर बांधा, मग पकडीखाली कापड घेऊन फिरवा, पॉलिश खराब होत नाही. शॉवरलाही हेच. फक्त गरम पाण्याचीच धार कमी आणि गारची चांगली असेल, तर नळाशी झटू नका, अडथळा गिझरच्या बाजूला आहे. दोन्हींची कमी असेल तर भिंतीतला अँगल कॉक, म्हणजे पाणी बंद-चालू करायचा छोटा कॉक, पूर्ण उघडा आहे का बघा. जुन्या घरात लोखंडी जीआय पाइप असतील तर ते आतून गंजाने अर्धे बुजलेले असतात. तिथे साफसफाईने काही होत नाही, सीपीव्हीसीची, म्हणजे प्लॅस्टिकच्या पाइपची, नवी लाईन टाकणंच खरं.

लिंबूसत्त्व का, ॲसिड का नको, असं बायका मला हमखास विचारतात. आपल्या घरांत शहाबादी फरशी आणि ओट्याला कडप्पा असतो. दोन्ही चुनखडीचेच दगड. ॲसिड पडलं की फरशीवर फेस येतो, तो मळ निघाल्याचा नसतो, फरशी विरघळत असते. मग ती खरबरीत होते आणि पुढे जास्तच मळते. व्हिनेगर आणि लिंबूसत्त्वसुद्धा या दगडांवर सांडू देऊ नका, नळापुरतंच वापरा. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर एका बाथरूममध्ये, एका वेळी कधीही वापरू नका. त्यातून क्लोरीनचा वायू निघतो, बंद मोरीत तो जिवावर बेततो.

पाणी किती जड आहे हे एकदा तपासून घ्या. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एकूण कठीणपणा, म्हणजे जडपणा, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. बोअरचं पाणी जास्त जड निघालं तर शक्य असल्यास वर दोन टाक्या करा: बोअरचं पाणी संडास आणि धुण्याला, नळाचं पाणी गिझर, कूलर आणि स्वयंपाकघराला. नवीन पाइप टाकायचेच असतील तर हे काम त्याच वेळी करून घ्या, पुढे गिझर आणि नळ कितीतरी जास्त टिकतात.

गिझरचा खडखडाट याच क्षाराचा. जड पाणी तापलं की त्यातला चुना वेगळा होऊन कॉइलवर बसतो. थर जाड झाला की कॉइलने सोलापुरी चादर पांघरल्यासारखं होतं. उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, थराखाली अडकलेलं पाणी उकळून फुटतं, तो आवाज येतो. वीज तितकीच जळते आणि शेवटी कॉइल जळते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, गिझर उघडून साफ करून घ्या. त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची कांडी बघायला सांगा, तिला अॅनोड म्हणतात. टाकीऐवजी ती गंजावी म्हणूनच बसवलेली असते. ती संपली आणि बदलली नाही, की टाकी गळायला लागते, आणि गळलेली टाकी दुरुस्त होत नाही. थर्मोस्टॅट 50 ते 55 अंशांवर ठेवा, 60 च्या पुढे क्षार फार वेगाने बसतो. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून चार थेंब पडले तर चालतात, सतत गळत असेल तर व्हॉल्व्ह बदला. त्याचं तोंड बुजवणं म्हणजे टाकी फुटायला आमंत्रण, तसं कुणी करू म्हणालं तर त्याला थांबवा.

इथे इलेक्ट्रिशियनला बोलवाच, आणि हे काम पुढे ढकलू नका. दोन हजार वॅटचा गिझर नऊ अँपिअरच्या आसपास करंट घेतो. त्याला 16 अँपिअरचा प्लग, जाड वायर आणि खरंखुरं अर्थिंग लागतं. जुन्या घरात प्लगला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायरच नसते. कधी अर्थिंग म्हणून नळाच्या पाइपला वायर बांधलेली असते, आणि पाइप बदलून प्लॅस्टिकचा केला की तेही गेलं. मुख्य बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळायला लागताच ती वीज तोडते. साधी एमसीबी ते काम करत नाही, ती वायर वाचवते, माणूस नाही. कॉइल चिरल्याने पाण्यात करंट उतरून माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. आरसीसीबी बसेपर्यंत पाणी तापवा, गिझर बंद करा आणि मगच अंघोळीला जा.

कमोडची टाकी सोपी. टाकीत थोडा खाण्याचा रंग किंवा शाई टाका, अर्धा तास कुणी फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर बदला, दहा मिनिटांचं काम. पण पाणी टाकीतल्या वरच्या नळीतून वाहत असेल तर रंग त्यातूनही उतरतो, तेव्हा आधी फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, थोडा खाली घ्या. क्षुल्लक म्हणून सोडू नका: पाच मिनिटांत एक लिटर झिरपत असेल तर दिवसाला 288 लिटर होतात. पाणी काही दिवसांआड सुटतं अशा गावात ही गळती म्हणजे वरच्या टाकीचा मोठा हिस्साच.

कूलरला वास येतो तो साचलेल्या पाण्याचा आणि क्षाराने भरलेल्या पॅडचा. पाणी हवेत उडून जातं, क्षार टाकीतच राहतो, दर भरणीला दाट होत जातो. म्हणून नुसतं वरून भरत राहू नका, आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून द्या आणि टाकी घासा. गवताचं पॅड दर उन्हाळ्याला नवं घाला. हनीकोंबचं असेल तर मऊ ब्रशने धुवा. पाणी पॅडच्या एकाच बाजूला पडत असेल तर वरच्या नळीची भोकं टाचणीने मोकळी करा. गारवा कमी पडण्याचं दुसरं कारण म्हणजे बंद खोली. आपल्याकडची मे महिन्यातली हवा कोरडी असते म्हणून कूलर इथे छान चालतो, पण ओली झालेली हवा बाहेर जायला समोरची खिडकी थोडी उघडी हवी. पत्र्याच्या कूलरला मात्र अर्थिंग नसेल तर तो लावूच नका, आणि प्लग काढल्याशिवाय पाणी भरू नका, पोरांना तर अजिबात हात लावू देऊ नका.

भिंतीकडे आता या. हौदालगतच्या भिंतीला खालून दोन-तीन फुटांपर्यंत पोपडे आणि पांढरी पावडर म्हणजे लोणा लागलाय. ओल भिंतीतून वर चढते, वाळताना आतला क्षार पृष्ठभागावर आणते आणि रंग ढकलून देते. पुट्टी मारून रंग दिला की दोन महिने बरं दिसतं, एवढंच. आधी हौद गळतो का बघा: पाणी सुटल्यावर काठोकाठ भरा, झाकून ठेवा, पातळीला खूण करा, चोवीस तास मोटर लावू नका. पातळी उतरली तर हौदाला आतून वॉटरप्रूफिंग हवं. उतरली नाही तर भरताना हौद ओसंडून पाणी भिंतीशी मुरतं का, मोरीची फरशी आणि भिंत यांच्या सांध्यातून जातं का, ते शोधा. कारण बंद झालं की पोपडे विटांपर्यंत खरवडा, भिंत पूर्ण वाळू द्या, उन्हाळ्याचे दोन महिने सोडले तरी चालतील, आणि मगच गिलावा करा. गच्चीचं काम असेल तर तेही त्याच कोरड्या दिवसांत उरका. आपल्याकडचा जोराचा पाऊस पुष्कळदा सप्टेंबरात येतो. जूनमध्ये गळली नाही म्हणून गच्ची चांगली आहे असं धरू नका.

तिरका तडा सगळ्यात शेवटी, पण हलक्यात घेऊ नका. आपल्याकडच्या काळ्या मातीला पाणी मिळालं की ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असेल तर घर तिच्याबरोबर थोडं हलतं आणि भिंतीचा सगळ्यात कमजोर भाग, म्हणजे खिडकीचा कोपरा, तिथून तडकतो. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा, मध्ये रुंदी मोजून तीही लिहा. घराभोवती जोत्याला लागून अडीच-तीन फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला कोबा करा, आणि भिंतीला खेटून झाडांना पाणी घालणं थांबवा. त्याने पायाखालच्या मातीची ओल सारखी राहते. केसाएवढा तडा वर्षभर जागेवर राहिला तर भरून रंगवा. रेघेच्या पुढे सरकला, बोटाचं नख शिरेल इतका रुंद झाला, किंवा दारं अडकायला लागली, तर गवंडी नको, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

तर ताई, उद्या सकाळी मोटरची पाणी भरून बघायची तपासणी तुम्हीच करा. त्यानंतर प्लंबरला फूट व्हॉल्व्ह, कमोडचं रबर आणि गरम पाण्याची लाईन अशी तिन्ही कामं एकाच फेरीत सांगा. त्याच आठवड्यात इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग आणि आरसीसीबी. आणि वरच्या मजल्यावरचे पाइप लोखंडी आहेत की प्लॅस्टिकचे तेवढं बघून कळवा, नळाच्या धारेचं पुढचं त्यावरून सांगता येईल.